एक जानेवारी, हॅनलन्स वेल

२६ डिसेंबर, गुरुवार

बाबा पोचले! एवढ्याशा विमानातून उतरले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि चेहरा असा की विमान यांनीच चालवत आणलं. पहिलं वाक्य — "ऐशू, झाडं कुठायत गं?" म्हटलं, एक आहे, क्लिनिकच्या मागे. उद्या दाखवते.

आई नाही आली. ती सिडनीत, आमच्या वेस्टमीडच्या घरी सुजितकडे एसीत बसून जावयाच्या हातची कॉफी पिणार. "तुम्ही बापलेक भाजून घ्या," म्हणाली. शहाणी बाई. मी तरी हे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं तीन महिन्यांचं नर्सिंगचं कॉन्ट्रॅक्ट का घेतलं? वेस्टमीडला गाडी लावायला जागा शोधून शोधून जीव विटला म्हणून. इथे जागाच जागा! लावायला गाड्या नाहीत.

बेचाळीस डिग्री. बाबा म्हणे, "दापोडीच्या वर्कशॉपात भट्टीपाशी याहून गरम असायचं." एसटीतून रिटायर होऊन किती वर्षं झाली, अजून सगळं वर्कशॉपच्याच मापाने मोजतात.

२८ डिसेंबर, शनिवार

बाबांना मैत्रीण मिळाली. डॉरीन! माझी सगळ्यात खट पेशंट. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिचं डायलिसिस. व्हॅनमधून उतरली की आधी व्हरांड्यातल्या बाकावर बैठक मारणार. मी दारातून कितीही हाका मारल्या तरी मनात येईल तेव्हाच आत येणार. ती इथलीच, म्हणजे खरी इथली. गोरे यायच्या हजारो वर्षं आधीपासूनची. वय विचारलं तर म्हणते, "कागदावरचं सांगू की खरं?"

केळं खाऊ नकोस, शंभरदा सांगितलंय. किडन्या गेल्यात, केळ्यातलं पोटॅशियम सरळ हृदयावर येतं. तरी पर्समध्ये केळं आहेच! आज त्यातलं अर्धं बाबांना दिलं. मग बाबांनी पाकिटातला बाबासाहेबांचा फोटो काढला.

"युवर प्राइम मिनिस्टर?"

"नो, नो. बिगर."

"युवर गॉड?"

"नो गॉड. गॉड वी स्टॉप!"

डॉरीन इतकी हसली की तिचं बीपी पुन्हा घ्यावं लागलं.

३० डिसेंबर, सोमवार

बाबांचं तोंड उतरलंय. एक तारीख आली ना! आजीच्या कडेवर होते तेव्हापासून एक जानेवारीला कोरेगाव चुकलेलं नाही. भीमेकाठचा विजयस्तंभ, निळे झेंडे, मरणाची गर्दी, आणि स्तंभावर कोरलेली आपल्या शिपायांची नावं मोठ्याने वाचायची. त्यातलं एक नाव आमच्या खापरपणजोबांचं, असं बाबा म्हणतात. आत्या म्हणायची, शेजारच्यांच्या. तो विषय घरात काढायचा नसतो.

सिडनीतल्या आपल्या जय भीम ग्रुपमधले सगळे प्रज्ञेशकडे जमणार आहेत. तिकडेच थांबायचं ना मग? "तुझ्याकडे आलो ना मी." झालं. आता गुन्हेगार मी!

संध्याकाळी एकदम आठवलं — इथे एक स्तंभ आहे की! गावाबाहेर, पाणवठ्याच्या रस्त्यावर. दगडी, चौकोनी, वर निमुळता. कोरेगावच्या स्तंभाचा धाकटा भाऊ शोभेल. त्यावर पाटी नाही, बोल्टांची चार भोकं तेवढी आहेत. पेट्रोल पंपावरच्या केव्हिनला विचारलं. काउंटर पुसता पुसता म्हणाला, "ओल्ड फाइट, मेट. ब्लॅकफेलाज अँड द पोलीस." पाटी कुणीतरी चोरली म्हणे, कौन्सिल दोन वर्षं शोधतंय.

बाबांना सांगितलं. काळे लोक, पोलीस, लढाई, स्तंभ! बाबांचे डोळे लकाकले. "म्हणजे इथल्यांनीपण दाखवलं होय गोऱ्यांना!" मलाही तेच वाटलं. आमच्या डोक्यात स्तंभ म्हटला की दुसरं काही येतच नाही. स्तंभ म्हणजे तळातल्यांनी मैदान मारलं.

१ जानेवारी, बुधवार

जय भीम!

ऊन चढायच्या आत निघालो. पांढऱ्या शर्टावर निळं उपरणं. झेंडू कुठला मिळायला, सुपरमार्केटात पिवळी शेवंती मिळाली. क्लिनिकच्या बँडेजच्या पट्टीवर ओवली. वारा मेणबत्ती पेटू देईना. आणि माशा! वंदना म्हणायला तोंड उघडलं की एक आत. बाबांनी "संघं सरणं"च्या मध्येच एक गिळली, पण थांबले नाहीत.

मग कडक सॅल्यूट. वाचायला नावं नव्हती, म्हणून बाबांनी कोरेगावची पाठ असलेली नावं म्हटली. सगळी. मोठ्याने. त्या लाल उजाड माळावर ऐकायला मी आणि एक पोपटांचा थवा. मला रडूच फुटलं. आपली माणसं किती लांब राहिली! आणि तरी किती जवळ आल्यासारखी वाटली.

फोटो ग्रुपवर टाकला. निळ्या हृदयांचा पाऊस. प्रज्ञेश — "ताई, एक नंबर!"

२ जानेवारी, गुरुवार

वाट लागली.

बाबांनी व्हरांड्यात डॉरीनला फोटो दाखवला. मी दारातूनच बघत होते. "युवर पीपल. विनर. आय सॅल्यूट!" असं काहीतरी चाललेलं. डॉरीन फोटो बघत राहिली. मग फोन बाकावर पालथा ठेवला, पर्स उचलली आणि पुन्हा व्हॅनमध्ये जाऊन बसली. मी मागे पळाले. ड्रायव्हरला "होम" एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लॉरेलने सांगितलं मग. लॉरेल क्लिनिकची हेल्थ वर्कर आणि डॉरीनची भाची. आधी तिने चहा टाकला.

स्तंभ हॅनलनचा आहे. ज्याच्या नावाचं हे गाव, हॅनलनची विहीर, तो. गुरं घेऊन आला, पाणवठ्याला कुंपण घातलं, इथल्या माणसांना पाण्यावर येऊ देईना. एक दिवस कुणीतरी त्याला भाल्याने मारलं. मग पोलीस आले आणि पाणवठ्यापाशी जे सापडले ते सगळे मारले. म्हातारे, बायका, लेकरं. गोळ्या घातल्या आणि जाळून टाकलं. डॉरीनच्या आईची आई तेव्हा एवढीशी पोर, झुडपात लपून राहिली म्हणून वाचली. स्तंभ त्या पोरीसाठी नाही. हॅनलनसाठी आणि त्या शूर पोलिसांसाठी.

"ओल्ड फाइट" म्हणे! केव्हिनला काय बोलू? लॉरेल रोज माझ्या शेजारी बसून डबा खाते, तिला विचारायचं मला सुचलं नाही.

पाणी अडवलं हे ऐकल्यावर बाबांनी कप खाली ठेवला. पाण्यावर येऊ न देणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. आणि हार कुणाला घालून आलो? पाणी अडवणाऱ्याला!

फोटो ग्रुपवरून काढला. प्रज्ञेशने विचारलं, "ताई, काय झालं?" उत्तर दिलं नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

हार काढायला गेलो. हार जागेवर नव्हता.

४ जानेवारी, शनिवार

डॉरीन आली नाही. मंगळवारनंतर मशीनवर नाही. अंगात पाणी साठत चाललंय, पोटॅशियम चढत असणार. लॉरेल म्हणाली, पाय सुजलेत, हाका मारल्या तर तोंड फिरवते. डॉक्टर फोनवर म्हणाले, मंगळवारीही नाही आली तर मोठ्या हॉस्पिटलात न्यायला विमान मागवू, पण ती चढायला हवी. नाही म्हणायचा तिला हक्क आहे. माहितीये मला. तो हक्क मीच पेशंट लोकांना समजावून सांगत असते.

बाबा जेवले नाहीत. "माझ्यापायी बाई जाईल." मी म्हटलं, आपल्यापायी. त्याने त्यांना काही बरं वाटलं नाही. मलाही नाही.

५ जानेवारी, रविवार

बाबा सकाळीच तयार. उपरणं नाही, साधा शर्ट. "चल, माफी मागायची." लॉरेलला विचारलं. ह्या वेळी आधी विचारलं! ती म्हणाली, या, पण बोलायची घाई करू नका.

डॉरीन अंगणातल्या झाडाखाली गादी टाकून बसलेली. चेहरा सुजलेला. आणि झाडाला आमचा हार! सुकलेला. मी बघतेय बघून म्हणाली, "फुलांनी काय केलंय?"

बाबा गादीच्या कडेला टेकायला गेले तर ओरडलीच, "तिथे नको!" मग ते जमिनीवर बसले. बाबांना गप्प बसणं म्हणजे शिक्षा, पण बसले. मग हात जोडले. इंग्रजी सोडून दिलं, मराठीत बोलले, मी सांगत गेले. "दगड तुमचा वाटला मला. विचारायला हवं होतं. चुकलो."

डॉरीन माशा हाकत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या दगडाचं सांग."

बाबांनी सांगितलं. ज्यांच्या राज्यात आमची सावलीसुद्धा चालत नव्हती, त्यांच्या फौजेपुढे आमची माणसं कशी दिवसभर उभी राहिली. पाणी नाही, भाकर नाही, तरी हटली नाहीत. सांगता सांगता बाबा ताठ झाले.

"आणि दगड लावला कुणी?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न त्यांना कळला होता, तरी माझ्याकडे बघितलं.

"ब्रिटिश," बाबा म्हणाले.

"सेम मॉब! तेच लोक!" डॉरीन हसायला लागली. हसता हसता खोकला, खोकता खोकता दम. मला धडकीच भरली, छातीत पाणी चढलेलं ऐकू येत होतं. "माझ्या माणसांना मारलं, त्याचा दगड. तुझ्या माणसांनी त्यांच्यासाठी मारलं, त्याचाही दगड. या लोकांकडे दगड फार!"

बाबांचा चेहरा पडला. पण हटतील ते बाबा कसले. "पण त्याच्यावर नावं आमची आहेत."

डॉरीनचं हसू थांबलं.

"मोठ्याने वाचता?"

"दर वर्षी."

"आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत." मग बाबांकडे वळली. "बरं वाटतं? वाचलं की?"

"हो," बाबा म्हणाले. "फार बरं वाटतं."

बाबांना आणखी बोलायचं होतं, लॉरेलने नुसता हात वर केला. आम्ही उठलो. फाटकाशी आलो तेव्हा मागून आवाज आला — "सिस! मंगळवारी व्हॅन पाठव."

७ जानेवारी, मंगळवार

आली!! पावणेपाच किलो पाणी जास्तीचं. पायात गोळे, मला शिव्या, मशीनला शिव्या, पर्समधून केळं जप्त. मी सुया टोचताना इतकी खूश कधीच नव्हते. बाबा व्हरांड्यातून काचेला नाक लावून बघत होते, पोर परीक्षेला बसलेल्या पालकासारखे.

विचारलंच मी, "खूप राग आला होता ना?"

"राग नाही. विचार करत होते."

"मशीनवर बसून नाही करता येत विचार?"

"तू बडबड करतेस."

हे खरंय.

आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरी मी म्हणत होते, यांना वाळवंटात नेऊ नकोस." कधी म्हणाली होती? पण असू दे. बाबा आज दोन वेळा वरण मागून जेवले.

११ जानेवारी, शनिवार

डायलिसिस झाल्यावर डॉरीनने आम्हाला घरी नेलं. झाडाखाली उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, गादी उचल.

खाली पितळी पाटी. बोल्टांची चार भोकं. हॅनलनचं नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली पोलिसांची. अगदी शेवटी, बारीक अक्षरांत — "ट्रॅकर", म्हणजे माग काढणारा, आणि एक नाव. नाव मी इथे लिहीत नाही, तीही उच्चारत नाही. नुसती हनुवटी केली त्या ओळीकडे. "माझ्या बापाचा बाप. पोलिसांना पाणवठ्याची वाट याने दाखवली."

बाबांनी सवयीने वाचायला तोंड उघडलं. मग मिटलं. बोट मात्र त्या अक्षरांवरून फिरवलं, कोरेगावला फिरवतात तसंच.

"आमच्यापैकी कुणाचं नाव कोरलेलं एवढंच आहे," डॉरीन म्हणाली. "परत लावली तर आजी रडते. फेकली तर हा जातो. दोघंही माझेच."

बाबांनी पाटी होती तशी ठेवली. वर गादी टाकली आणि चादरीच्या सुरकुत्या काढत राहिले.