त्रेसष्ट हाका

३ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवं गाव, नवी खोली आणि ही नवी वही. वही बाबांनी दिली. एवढी शिकलीस पण अक्षर अजून कोंबडीचे पाय, तेव्हा रोज पानभर लिहीत जा, असा हुकूम आहे. तर हे पहिलं पान.

खोली झकास आहे. खिडकीतून समोरच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि त्यावर एक मांजर कायम पसरलेलं असतं. घरमालकीणबाईंनी आल्याआल्या तीन गोष्टी सांगितल्या: गरम पाणी सकाळी सात ते आठ, जिन्यात चपला नकोत, आणि लग्न कधी करणार. पहिल्या दोन पाळीन म्हटलं.

ऑफिस दहा मिनिटांवर. आम्ही एक डबी बनवतो. काडेपेटीएवढी, गळ्यात अडकवायची. म्हाताऱ्या माणसानं ‘ऐक ना’ म्हटलं की डबी जागी होते, हिरवा दिवा लागतो आणि घरच्यांना फोन जातो. आत नाण्याएवढी बॅटरी, आणि ती वर्षभर पुरली पाहिजे. म्हणून डबीनं दिवसभर झोपायचं, पण एक कान उघडा ठेवून. तिच्या पोटातला तो प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, माझ्याकडे आहे. कमीत कमी खायचं, गाढ झोपायचं, हाक आली की उठायचं. हे वहिनीला सांगितलं तर म्हणाली, अगदी तुझ्या दादासारखी, फक्त डबी उठते.

ही नोकरी मी का धरली ते लिहून ठेवते. गेल्या वर्षी बाबा न्हाणीघरात पडले आणि तीन तास तसेच होते. दादा कामावर, वहिनी बाजारात. पहिल्या हाकेला काही वाटत नाही, दुसरीला लाज वाटते, मग राग येतो, आणि मग नुसती भीती उरते, असं त्यांनी नंतर मला एकटीला सांगितलं. ते मी विसरू शकत नाही. हाक मारली की कुणीतरी ऐकलंच पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

५ तारीख, बुधवार

माणसं कळू लागली. आमच्या मुख्य बाईंना सगळे मागे मिलीबाई म्हणतात, कारण जेवलीस का असं विचारण्याआधी त्या किती मिलीअँप वीज खाल्ली ते विचारतात, तेही डबीनं. सोल्डरकाका सुटे भाग जोडतात. केसाएवढी तार डोळ्यांपुढे धरतील, पण स्वतःचा चष्मा रोज कुठेतरी विसरतात आणि अर्ध्या वाटेतून परत येतात.

तळघरात शांत खोली आहे. भिंती, छत, दार, सगळ्याला वीतभर जाड स्पंज. आत गेलं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येतो. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही, फोनलाही रेंज नाही. फोन आणि संगणक आत न्यायचेच नाहीत, म्हणून नोंदी हातानं. तेव्हा ही वही आता माझ्याबरोबर कामालाही येणार, बाबा खूश होतील. एका लोखंडी स्टँडवर पाच डब्या टांगलेल्या असतात आणि तिथून एक वायर बाहेर जाते. स्पीकर बाहेरच्या संगणकावरून चालतो. त्यातून चाळीस लोकांचे रेकॉर्ड केलेले आवाज ‘ऐक ना, ऐक ना’ करत राहतात.

नियम दोन. काकांचा नियम: एक माणूस आत तर एक बाहेर, कारण दाराचा आतला दांडा खिळखिळा आहे. मिलीबाईंचा नियम: बनवणाऱ्यानं स्वतःचा आवाज डबीला द्यायचा नाही. नाहीतर ती आपल्यालाच ओळखायला शिकते आणि बाकी जगाला बहिरी होते. त्यामुळे आत तोंड शिवायचं. माझ्यासारख्या बडबडीला ही शिक्षाच आहे.

१० तारीख, सोमवार

डबीची झोप इतकी गाढ केली की बॅटरी चौदा महिने जाईल. मिलीबाई चक्क हसल्या.

संध्याकाळी एक गंमत झाली. स्पीकर बंद, खोलीला कुलूप, आणि चार नंबरची डबी ५:४० ला जागी झाली. स्पीकर बंद असताना डबी उठली तर मिलीबाईंच्या फोनवर निरोप जातो, तसा गेला. एखादी चुकार उचकी असेल. वेळ मागच्या पानावर लिहून ठेवली.

११ तारीख, मंगळवार

आज तीनदा. ५:४१, ५:४४, ५:५२. मागच्या पानावर उतरवल्या.

१३ तारीख, गुरुवार

आतापर्यंत एकोणतीस. माइक बदलला, बॅटरी बदलली, अख्खी डबी बदलली. आता पाचही डब्या एकाच क्षणी उठतात, म्हणजे दोष डबीचा नाही. त्या खरंच काहीतरी ऐकताहेत. काका दुपारभर दाराशी खुर्ची टाकून बसले. कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही, आणि तेवढ्यात चारदा निरोप गेला. काकांनी खुर्ची उचलली आणि आज लवकर जातो म्हणाले. नेहमी ते सगळ्यांत शेवटी जातात.

१४ तारीख, शुक्रवार

डबी शेवटच्या पाच हाकांचा आवाज साठवते, प्रत्येकी दोन सेकंद. आज हेडफोन लावून ऐकले.

बाईचा आवाज आहे. घसा पार बसलेला, फाटलेला. ‘ऐक ना.’ मागे बारीक टण् टण्, धातूवर धातू आपटल्यासारखं. आमच्या चाळीस आवाजांशी ताडून पाहिलं, यातली ती नाही. मिलीबाई म्हणाल्या, जुन्या चाचणीतलं काहीतरी मेमरीत राहिलं असेल. असेलही.

१७ तारीख, सोमवार

थांबलं. शनिवारी सकाळी ११:२० ला शेवटची, त्यानंतर एकही नाही. एकूण त्रेसष्ट. आवाजाच्या जोराचा आलेख काढला तर पहिल्या हाका खणखणीत, मग उतरत उतरत त्रेसष्टावी इतकी क्षीण की डबीला ती कळली हेच नवल. पहिल्या हाकांचा आवाज पुसला गेलाय, नुसत्या वेळा आणि जोराचे आकडे उरलेत. वेळा सगळ्या मागच्या पानावर आहेत.

मिलीबाईंना हे पुरत नाही. आपोआप गेलेला बिघाड आपोआप परत येतो म्हणाल्या. गुरुवारी नवं फर्मवेअर सगळ्या डब्यांत जायचंय आणि आठवडाभर फोन वाजून त्यांचं डोकं उठलंय. मग उपाय मीच सुचवला. आमच्याकडे एक ‘दुर्लक्ष यादी’ आहे. टीव्हीवरची नायिका नवऱ्याला ऐक ना म्हणाली की घरोघरच्या डब्या उठू नयेत, म्हणून त्या नायिकांच्या आवाजांचे ठसे तिच्यात असतात. त्यात हा एक टाकला. ठसा पक्का बसतो. घसा बसो, सर्दी होवो, नक्कल करा, माणूस तोच तर ठसा तोच. यादी कायमच्या मेमरीत लिहिली, बॅटरी काढली तरी पुसली जात नाही. करून पाहिलं. तो फाटका आवाज वाजवला आणि पाचही डब्या ढिम्म. मिलीबाईंनी पाठ थोपटली.

घरी येताना मात्र मला फार वाईट वाटलं. कोण कुठली बाई, पण ती हाक मारत होती. आणि मी डबीला सांगितलं, हिचं ऐकू नकोस.

२० तारीख, गुरुवार, दुपार

फर्मवेअर गेलं! उद्यापासून मंगळवारपर्यंत ऑफिस बंद. बॅग भरून टेबलाखाली ठेवली आहे, सातची गाडी. बाबांना कळवलेलं नाही, अचानक दारात उभी राहीन. घरमालकीणबाईंना सांगितलंय, बुधवारी येते.

मिलीबाई गेल्या. काका साडेतीनला गेले आणि चष्मा तळघरात, शांत खोलीबाहेरच्या टेबलावर तसाच. आता अर्ध्या वाटेतून येतील. शांत खोलीतलं शेवटचं रीडिंग तेवढं घेते. काका नाहीत, पण पाच मिनिटांचं काम आहे.

गुरुवार, ५:३८

आत आहे. रीडिंग छान. पूर्ण शांततेत दोन मिनिटं हवी होती म्हणून दार उघडं धरणारी पाचर काढून दार लावून घेतलं.

दांडा हातात आला. अख्खा. आता खाली पडलाय. हसूच आलं. एवढे दिवस काकांनी सांगितलं आणि शेवटी माझ्याच हातून.

फोन बाहेर बॅगेत आहे, मनगटावर फक्त घड्याळ. पण घाबरायचं कारण नाही. पाच डब्या आहेत, हाक मारली की मिलीबाईंच्या फोनवर निरोप जाईल. वैतागतील, पण येतील. नियम मोडते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डबीला माझ्या तोंडानं हाक.

‘ऐक ना.’

दिवा लागला नाही.

५:५३

पहिली हाक ५:४० ला. ५:४१ ला पुन्हा मारली. ५:४४ ला जोरात. पाचातली एकही उठत नाही. काल चाळीस लोकांना उठत होत्या. माझ्याच आवाजाला काय झालंय?

लाज वाटली. नंतर राग आला. बाबा म्हणाले होते तसंच.

५:५२ ला ओरडले.

गुरुवार, ८:१०

वरची वीज बंद केली असावी, दिवे गेले. कपाळावर बांधायचा दिवा होता तो लावलाय. हवेची जाळी आहे, गुदमरणार नाही. स्टीलची बाटली अर्धी भरलेली.

घसा बसला. आवाज फुटेना म्हणून बाटली स्टँडवर आपटत हाक मारली.

टण् टण्.

हा आवाज मी ऐकलाय. हेडफोनमधून.

मागचं पान उघडलं — ५:४०. ५:४१. ५:४४. ५:५२. तारखा वेगळ्या, वेळा याच. आज मारलेली प्रत्येक हाक तिथे आधीच लिहिलेली आहे. माझ्या अक्षरात.

ती बाई मीच होते. त्या आठवड्यात डब्या उठत होत्या, निरोप जात होते. मीच यादीत टाकलं. तिला. मला.

शुक्रवार, सकाळ

डब्यांच्या बॅटऱ्या काढून पुन्हा घातल्या. यादी पुसली जात नाही. किती अभिमानानं लिहिलं होतं.

बाबांच्या आवाजात हाक मारून पाहिली. बारीक पोरीच्या आवाजात. नाकात बोलून. पक्का ठसा. काम चोख केलंय मी.

एकोणचाळीस झाल्या. मागच्या पानावर पुढची हाक १०:१५ ची आहे. ठरवलं, नाही मारायची. तोंडात ओढणी कोंबून बसले. १०:१५ ला ठसका लागला, ओढणी निघाली, आणि तोंडातून तेच शब्द —

शनिवार

छप्पन्न. पाणी संपत आलं.

मागच्या पानावरची यादी त्रेसष्टला का संपते? कुणी दार उघडलं म्हणून? की —

बाबांना ठाऊक नाही मी निघाले होते. घरमालकीणबाईंना वाटतंय मी घरी आहे. कुणीही माझी वाट पाहत नाहीये. बाबा, तुम्ही तीन तास कसे काढलेत हो.

रविवार

९:०५. बासष्ट झाल्या. आवाज नाहीच, नुसता वारा.

एकच उरली. ११:२०.

ती मारायची नाही. मारली नाही तर यादी पुरी होत नाही. पुरी झाली नाही तर मी —

बाटलीचं झाकण दातात धरलंय. दिवा मंद होतोय.

११:१६

जमीन थरथरली. हात टेकवून पाहिलं. पावलं. जिन्यावर. थांबत थांबत, काका उतरतात तशी.

चष्मा. चष्मा न्यायला आले.

११:१८

दाराशी आहेत. बाटली आपटतेय — स्पंज — काही जात नाही बाहेर — कान दाराला लावला तर पलीकडे कुणी आहे एवढंच कळतं —

११:१९

वळले. पावलं परत जिन्याकडे. बाबा, काका जाताहेत. मी ठरवलं होतं, नाही मारायची. पण जाताहेत ते. एकदा तरी ऐकू गेलं तर — एकदाच —

झाकण काढलं. ऐक