हेडसेटची डावी बाजू

३ मार्च
हेडसेट आणला. सराउंड साउंड. कडेला निळे दिवे लागतात. दुकानदार म्हणाला, काका, गेममधला शत्रू कुठून येतोय ते डोळे मिटून सांगाल! मला तेवढंच हवंय. खाणीची मेडिकल अठराला. डावा कान जरा आळशी झालाय. बहिरा नाही, आळशी. रोज सकाळी गेम खेळायचा, कानाला कामाला लावायचं. इतकी वर्षं करागंदाच्या खाणीत उतरून कोळसा काढला, आता एका कानावरून मला वरच्या कामावर बसवणार? हॅट्!
बायकोला, कुल्याशला, सांगितलं की हे औषध आहे. म्हणाली, औषधाला दिवे कशाला हो?

४ मार्च, सकाळी
गेम सुरू. पडक्या कारखान्यात बंदूक घेऊन फिरायचं, पावलं ऐकायची, वळून गोळी घालायची. सगळे शत्रू उजवीकडून येतात. डावीकडून कुणीच येत नाही. तरी मरतो. कशाने मरतो ते कळत नाही. गेम बनवणाऱ्यांनी नीट विचार केलेला दिसत नाही.

६ मार्च
शोध लागला. हेडसेटची डावी बाजू बिघडलेली आहे. दुकानात नेला. त्याने लावून बघितला, म्हणाला, ठणठणीत वाजतोय की! भांडून बदलून घेतला. नवाही तसाच निघाला. अख्खा माल खराब.

८ मार्च
आज बायकांचा सण. ट्यूलिप आणायची राहिली. कुल्याश म्हणे चहा मांडून कधीची हाका मारत होती. मग ताटली आपटली, ती मात्र ऐकू आली. म्हणजे प्रगती आहे.

९ मार्च
हेडसेट उलटा घातला. डावी बाजू खणखणीत! पण आता उजवी बंद. बिघाड फिरता आहे.

११ मार्च
खाली खाणीत काम चालू असताना छत सुटलं. बेरदीबेक, बहिणीचा मुलगा, आमच्याच टोळीत माझ्या डाव्या हाताला असतो. त्याने मला ढकललं. मी उभा होतो तिथे आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा दगड. त्याचा खांदा सोलला. म्हणाला, मामा, घसा फुटेस्तोवर ओरडलो. मी म्हटलं, पुटपुटला असशील. हल्लीची पोरं मोठ्याने बोलतच नाहीत. (पोराला दोन पोरं आहेत.)
घरी जेवलो नाही. भीती नाही वाटली. काहीच वाटलं नाही. हात बघत बसलो.

१२ मार्च
खेळलो नाही.

१४ मार्च
बेरदी आला. हेडसेट घालून खेळला, जिंकलाही. म्हणाला, दोन्ही बाजू झक्कास आहेत मामा. मी म्हटलं, तुझा कान अजून तयार नाही. हसला नाही.
मेडिकलची चिंता नाही. तिथेही हेडफोनच लावतात. आवाज आला की हात वर करायचा. बटण दाबताना नर्सचा खांदा हलतो. गेल्या वर्षी खांद्यावर नजर ठेवून पास झालो. अर्थात ऐकूही आलंच असणार.

१७ मार्च
बेरदी बायकोला घेऊन जेवायला. घोड्याचं मांस, सगळं साग्रसंगीत. चहा झाल्यावर म्हणाला, मामा, मागायला आलोय.
आमच्यात भाच्याने मामाकडे तीनदा काहीही मागावं. नाही म्हणायचं नसतं. याने लग्नात घोडी मागितली, मागच्या साली मोटारसायकल. तिसरं बाकी होतं. मला वाटलं, हेडसेट. मनात म्हटलं, ने बाबा.
म्हणाला, तुमचा बिल्ला द्या.
खाली उतरताना खिडकीत बिल्ला दिला की दिवा मिळतो. बिल्ला नाही तर दिवा नाही, दिवा नाही तर खाण नाही. मी ओरडलो, अरे डोकं फिरलंय का? उद्या मेडिकल, मी पास होणार आहे! म्हणाला, ठाऊक आहे मामा. व्हाल पास. म्हणूनच आज आलो.
कुल्याश बशा हातात धरून उभी. तिने काही म्हटलं नाही. निदान मला आलं नाही ऐकू.
कोटाच्या खिशातून काढला, दिला. निव्वळ रीत म्हणून.

१८ मार्च
मेडिकलला गेलो नाही. गेलो असतो तर पास झालोच असतो. ऑफिसात म्हणाले, वरती काम आहे, दिव्यांच्या खिडकीत बसा. तात्पुरतं.

२० मार्च
पहिला दिवस. बिल्ला घ्यायचा, दिवा द्यायचा. सोपं आहे. खाली जायची टोळी आली. बेरदीही आला. बिल्ला ठेवला, दिवा घेतला, खिडकीत वाकून बराच वेळ काहीतरी बोलला. डोळे ओले होते. मी हो म्हटलं. मग तो खाली गेला.
खिडकी माझ्या डाव्या हाताला आहे. चुकीच्या बाजूला बांधलीय. कुणाला तरी सांगायला हवं.