रांगेतला शेवटचा माग

सोलापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९७८

प्रिय नागव्वाक्कास,

विरूचा शरणु. अप्पा-अव्वा बरे आहेत. अव्वानं शेंगाची चटणी करून ठेवलीय, मंद्रूपला येणारं कुणी भेटलं की धाडतो.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर नाही म्हणून रागावली असशील. रागाव, हक्कच आहे तुझा. दाजी मुकाट बसून असतात, शेजारच्या हातमागालाही शिवत नाहीत, 'माझा हातच गेला' म्हणतात, हे वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

अक्का, दाजींचा हात ठणठणीत आहे की!

आता नीट ऐक. मिलमध्ये मागावर धागा तुटला की केबिनमधल्या काउंटरवर एक आकडा पुढं सरकतो, ते माझं यंत्र तुला माहीत आहे. त्यात कंपॅरेटर नावाचा भाग असतो. धागा तुटला की तो विजेचा एक झटका, म्हणजे पल्स, पाठवतो. पल्सनं ठरल्या उंचीवर थांबायला हवं. पण तो वर उसळतो, खाली येतो, पुन्हा उसळतो. भरली घागर दाणकन ठेवल्यावर पाणी हिंदकळतं ना, तसं. याला ओव्हरशूट म्हणतात. काउंटर बिचारा दोन्ही उसळ्या मोजतो. तार जितकी लांब तितकं हे जास्त, आणि दाजींचा माग रांगेतला शेवटचा. एक धागा तुटला की त्यांच्या नावावर दोन लागत होते.

गेल्या महिन्यात ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेची लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर हे मी डोळ्यांनी पाहिलं. कंपॅरेटरच्या तोंडाशी विजेला आवर घालणारा एक छोटा रेझिस्टर जोडला, आणि पल्स शहाण्यासारखा सरळ झाला. अर्ध्या तासाचं काम. 'धागे फार तुटतात' म्हणून दाजींना कामावरून काढून तेव्हा दोन महिने झाले होते.

लगेच मॅनेजरकडे गेलो असं लिहायला लई आवडलं असतं. चार दिवसांनी गेलो. ते म्हणाले, "दुरुस्त झालं ना? मग गप्प बस. यंत्र खोटं मोजतं हे कामगारांना कळलं तर उद्या सगळे माग बंद पडतील, आणि तू बाहेर." अप्पांचं दवापाणी माझ्या पगारावर, ही खोलीही मिलचीच. मी मुंडी हलवली आणि आलो. रोज त्याच काउंटरसमोर बसतो. जीव घुसमटतो, पण उठवत नाही.

कामगार यंत्र बसवू देत नव्हते, तेव्हा दाजीच पुढं झाले होते. "माझ्या मागावर लाव. आमच्या विरूनं केलंय, खोटं बोलायचं न्हाय," म्हणाले. त्यांना काढायच्या कागदावर 'आकडे बरोबर आहेत' अशी सही माझी आहे, अक्का. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

दाजींसमोर उभं राहायची माझी हिंमत नाही. मॅनेजरसमोरही नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव, निदान हाताचं तरी कळू दे. मग युनियनकडे न्या, कोर्टात न्या. नवरा आणि आईबाप यांच्यामध्ये तुला अडकवतोय मी, कळतं मला. शिव्या घाल.

म्हणून आज 'तुझा विरू' लिहीत नाही. त्या कागदावर होती तशीच सही करतो, म्हणजे कोर्टात चालेल.

विरुपाक्ष सिद्धाप्पा बिराजदार
इलेक्ट्रॉनिक्स सहायक