पाणी कुठेतरी मुरतंय

१४ नोव्हेंबर

प्रिय विहीणबाई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडे आपली नात मजेत असेल, आणि तुमची तब्येत तर काय, ठणठणीतच! फोनवर भांडायला गेलं की तुम्ही नुसत्या हसता, म्हणून लिहायला बसले.

गुडघ्यांच्या झिजेवरच्या त्या संशोधनात आपण दोघींनी बरोबरच नाव घातलं. निम्म्या जणींना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय टोचलं ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं म्हणे. पण तुमची लेक, म्हणजे माझी सून, त्याच दवाखान्यात कामाला! इंजेक्शन घेतल्यावर तुम्ही तीन मजले चढून मुलांकडे राहायला गेलात, नातीला सांभाळू लागलात, आणि मी अजून पहिल्या मजल्यावरच धापा टाकतेय. पाणी कुठेतरी मुरतंय, विहीणबाई, आणि ते माझ्याच गुडघ्यात मुरतंय.

सूनबाईला विचारलं, तर म्हणाली, "आई, बाटल्या अगदी सारख्या असतात हो. मलासुद्धा कळत नाही." सासूला कोण खरं सांगतंय!

मी नातीला भेटायला आले, त्या दिवशी जिन्याच्या प्रत्येक वळणावर तुम्ही थांबत होतात. वर म्हणालात, "या सावकाश, मी आहे थांबलेली." टोमणाच होता ना तो?

अहो, नात मला पाहून तुमच्या मागे लपते. ते मला सोसत नाही. असंच चाललं तर ती मला ओळखणारही नाही.

१६ नोव्हेंबर

पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज डॉक्टरीणबाईंनी निकाल सांगितला. तुम्ही नातीपाशी होतात, म्हणून तुमचा सूनबाईने ऐकून घेतला.

खरं औषध मला मिळालं होतं. तुम्हाला मिठाचं पाणी.

सूनबाई म्हणाली, कधी कधी पाण्यानेही बरं वाटतं. असेलही. मला मात्र जिन्यातलं तुमचं थांबणं आठवलं. कठड्यावरची तुमची बोटं पांढरी पडली होती. मी पाहिलं होतं ते, पण तेव्हा मला तुमचा फक्त राग येत होता.

खरं सांगा, दुखतं ना?

रविवारी मी येतेय. वळणावळणावर बसेन, पण येईन. नातीला वरून हाका मारायला लावा. तुम्ही मात्र मला घ्यायला खाली उतरू नका.

तुमचीच,
औषध मिळूनही खाली राहिलेली
विहीण