मैनेचा पहिला नंबर

ता. ४ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या शिक्षण कचेरीतून पाठवलेले चौदा टॅब पोचले. फोनवर तू एकीकडे माझ्याशी बोलतोस आणि दुसरीकडे सह्या करतोस, म्हणून पत्रच लिहिते. निदान निवांत वाचशील.

वर्गात प्लग एकच, तोही हलतो. पुठ्ठ्याचा तुकडा खोचून चालवतोय. नेट फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं, म्हणून तुमची वाचनचाचणी तिथेच घेतली. पडद्यावर उतारा येतो, मूल मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं आणि गुण देतं. तीस वर्षं मी हेच करतेय, फक्त मला चार्ज करावं लागत नाही.

एकच घोटाळा झाला. तिसरीतली आमची मैना त्याच्यापुढे गप्प बसली. गोड वाचते म्हणून हे नाव मीच ठेवलंय. पुस्तक उघडलं की न अडखळता अख्खा धडा वाचते. तिला शून्य? यंत्रच बहिरं असणार. शेवटी ते मी मार्गी लावलं. कसं, ते विचारू नकोस.

तब्येतीला जप. जेवताना तरी तो फोन बाजूला ठेव.

तुझी,
ताई


ता. १५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी खाली बस. तुझी मैना आमच्या विभागातल्या नऊ शाळांत पहिली आली आहे. साहेब इतके खूश झाले की दहा ऑगस्टच्या सभेत, सगळ्या मुख्याध्यापकांसमोर, तिच्याकडून टॅबवर वाचून घ्यायचं ठरलंय. टॅब वर्षभर ठेवायचे की परत न्यायचे, याचा निर्णय त्याच सभेत आहे. नाक मुरडणारी तू, आणि माझी लाज राखलीस तूच.

मुलीला बरोबर घेऊन ये. आमच्याकडेच उतरा. तुझी भावजय आतापासून गादीला ऊन दाखवतेय.

तुझ्या मायेतला,
धाकटा


ता. २१ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता सरळच सांगते. त्या दिवशी टाकीमागे जाऊन, बारीक आवाज काढून, मैनेच्या नावावर तो उतारा मीच वाचला. मेल्या यंत्राने माझ्याही दोन चुका काढल्या, म्हणून कुणाला संशय आला नसेल.

तुझं पत्र आल्यावर सभेच्या तयारीसाठी मी तिला एक नवा उतारा दिला, साध्या कागदावर. ती नुसती बघत राहिली. मी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. ‘घर’ होता. तिने त्यातला ‘र’ तेवढा ओळखला.

तिची मोठी बहीण सहावीत आहे. ती रोज संध्याकाळी पुढचा धडा वाचून दाखवते, ही तो पाठ करते आणि बरोबर जागी पान उलटते. दोन वर्षं, माझ्या नाकासमोर.

मी रागावले नाही. मला का नाही सांगितलंस, एवढंच विचारलं. तिने फ्रॉकचं बटण फिरवलं. मग म्हणाली, की कुणी चुकलं की बाईंचा चेहरा पडतो, आणि तो बघवत नाही.

साहेबांना माझ्या नावानिशी सगळं सांग. त्या पोरीला सभेत उभं करू नका. मी राजीनामा लिहून ठेवलाय. तुला तोंडघशी पाडलं, त्याची क्षमा कुठल्या तोंडाने मागू?

ताई


ता. १३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात घेऊन साहेबांच्या खोलीबाहेर अर्धा तास घुटमळलो, मग आत गेलो. त्यांनी पत्र वाचलं आणि घडी घालून फाइलमध्ये ठेवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तुझ्या नावे लेखी ताकीद निघाली आहे, ती मिळेलच. सभेत मैनेऐवजी मी उभा राहिलो. आमचा पहिला नंबर खोटा आहे, सगळ्यांची चाचणी पुन्हा घेऊ, असं सांगून टाकलं. चहाच्या वेळी दोन शाळांचे मास्तर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, की त्यांनीही थोडंफार तसंच केलंय. टॅब डिसेंबरअखेरपर्यंत राहतील. पुढचं पुढे.

राजीनामा फाड. आणि एक ऐक. लहानपणी पाढे तू घ्यायचीस. मला तेराचा कधीच आला नाही. मी तळहातावर लिहून म्हणायचो. मारलं तर तू कधीच नाहीस. त्या चेहऱ्यालाच भ्यायचो. वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्यावर जीव टाकतेस म्हणूनच तो पडतो.

टॅबला चेहरा नाही, एवढाच त्याचा गुण. मैनेला रोज वीस मिनिटं हेडफोन लावून एकटीला बसव. नेट नसलं तरी अक्षराला बोट लावलं की ते उच्चार ऐकवतं, शंभरदा लावलं तरी न कंटाळता. तिचे गुण इकडे येणार नाहीत अशी सोय मी केली आहे.

पूर्वीचाच,
धाकटा


ता. २६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ताकीद फाइलला लागली, लागू दे. राजीनामा फाडला नाही. त्याच्या कोऱ्या बाजूवर मैनेसाठी जोडाक्षरं लिहिली. तुझा तेराचा पाढा मात्र पुढच्या खेपेला ऐकणार आहे, दोन्ही हात धुवायला लावून.

मैना रोज कोपऱ्यात बसायची आणि मी लांब खिडकीशी वह्या तपासायचे. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नाही. कधी ती वीस मिनिटं एकाच ओळीवर असायची. उठून जाऊन सांगावं म्हणून जीव तुटायचा.

काल सकाळपासून वीज नव्हती, दुपारी चार्जिंग संपून टॅब बंद पडले. बाकीची मुलं मैदानावर पळाली. मैना पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. तिने अट घातली, की मी तिच्याकडे पाठ करून बसायचं. बसले भिंतीकडे तोंड करून.

अजून न शिकवलेला धडा तिने काढला. घरी बहिणीला दाखवला नाही, हेही आधीच सांगितलं. एकेक शब्द फोडत सहा ओळी वाचायला तिला पाव तास लागला. पाच ठिकाणी अडली, दोनदा मागे जाऊन आपली आपण चूक सुधारली. इतकं वाईट तिने माझ्यासमोर कधीच वाचलं नव्हतं, आणि मी भिंतीकडे बघत रडत होते.

मग ती उठून पुढे आली आणि माझा चेहरा नीट निरखून पाहिला. माझ्या शेजारी बसली आणि सातवी ओळ सुरू केली.

बाकी सगळं क्षेम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई