नव्या बकरीचे गोचीड

४ ऑगस्ट
कोहमाऱ्याच्या बाजारातून दोन बकऱ्या आणल्या. एक आपली, एक बचत गटातल्या मंदाची. पाऊस थांबेना, कोठ्यात चिखल. छपरीतच बांधल्या, यांच्या खाटेजवळ. 'नवं जनावर पंधरा दिवस अलग' हे गावभर सांगत फिरणारी पशुसखी मीच. पण दोन दिवसांनी काय होतं...

५ ऑगस्ट
बकऱ्यांचे कान गोचिडांनी भरलेले. झुडपांत, ओल्या गवतात चरलेल्या दिसतात. यांना चिमटा दिला, रॉकेलचा डबा दिला. हसले. "कायले पायजे चिमटा? नखं आहेत ना!" दोन अंगठ्यांच्या नखांत धरून चट्ट चट्ट. बोटं रक्ताने लाल, पुसली धोतराला. मंदा न्यायला येणार होती, घाई होती. मग मीही बसले. चिमट्याशिवायच.

१० ऑगस्ट
यांना ताप. धानाच्या रोवणीचा थकवा असेल. असेलच.

१२ ऑगस्ट
मलेरिया नाही निघाला. सकाळी चूळ भरली तर हिरड्यांतून रक्त. सडक अर्जुनीच्या दवाखान्यात आणलं. डॉ.नी विचारलं, "नवीन जनावर आणलं का घरी? गोचीड हाताने चिरडले?" मी तोंड उघडायच्या आत हेच, "नाई जी. घरच्याच बकऱ्या आहेत."
डॉ. गेल्यावर मला हळूच, "तू चूप राय. गावात तुले कोन इचारन मंग?"
चूप राहिले. यांचा राग येतो, माझा जास्त.

१३ ऑगस्ट
मंदाचा फोन. "ताई, बकरी मस्त आहे. पोरगी तिले सोडूनच नाई राहिली. आज कानातले दोन गोचीडबी तिनंच काढले."
फोन ठेवला नि सरळ डॉ.कडे गेले. सगळं सांगितलं. "कालच सांगायचं ना बाई!" त्यांचं बरोबर आहे. अंगावर पुरळ आहे, गोचिडातून येणारा ताप असावा म्हणून रक्त बाहेर तपासायला पाठवलं, यांना गोंदियाला हलवलं. निघताना डॉ. म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्ही काढले का?"
दोन्ही हात पुढे केले.

१४ ऑगस्ट, गोंदिया
हे वेगळ्या खोलीत. काचेतून दिसतात. हाताने खूण केली, काऊन सांगितलं? मी नुसती मान हलवली. रिपोर्ट नाही अजून.
मंदाकडे आरोग्याची माणसं गेली, पोरीला तपासलं. ताप नाही, पण रोज बघणार आहेत. मंदा फोनवर म्हणाली, "तुमीच शिकवलं होतं ना ताई, नवं जनावर अलग बांधाचं?" आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
मला रोज दोनदा ताप मोजायला सांगितलंय. सकाळी नव्हता. आत्ता १००.२. झटकून परत लावला. तेवढाच.
हे काचेतून बघताहेत. हसले मी. भीती वाटते.
या वेळी थर्मामीटर झटकला नाही. तसाच घेऊन सिस्टरकडे जाते.