पोपटाचा डोळा

रविवार, अमावस्या. दिवेलागण.

भूमचा बाजार करून येतो तर काय, ग्रामपंचायतीच्या दारावर हिरवा ऑइलपेंट! म्या महिनाभर बसून कोरलेलं सागवानी दार. त्यावरच्या पोपटाचा डोळा पार बुजवून टाकलेला.

सरपंच म्हणतो, “मामा, उद्या पाव्हणे येणार हायेत, दार जरा नवं दिसू द्या.”

नवं? पोपटाला आंधळा करून?

आज अमावस्या, सुतारानं हत्याराला हात लावायचा न्हाय. पण फडक्याला कुठली आलीय अमावस्या? थिनरमधी बुडवलं अन् सगळ्यांदेखत ओला रंग पुसून काढला. डोळ्यातला तेवढा निघाला न्हाय. तोच सारखा आठवतोय.

उद्या पाव्हण्यांच्या आधी पटाशी घिऊन जातो. असा खोल कोरतो की सरपंचाचा रंगाचा डबा सरंल, पण पोपटाचा डोळा बुजायचा न्हाय.